श्नाबेलचे बत्तीस सोनाटे

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

जानेवारी १९३२ ते नोव्हेंबर १९३५ या काळात लंडनमधील ॲबी रोडच्या ध्वनिमुद्रणगृहात वेळोवेळी येऊन आर्टुर श्नाबेल या पियानोवादकाने बीथोव्हनचे बत्तीसही पियानो-सोनाटे वाजविले आणि हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने ते तबकड्यांवर उतरवून घेतले. एकाच वादकाने हे सर्व सोनाटे ध्वनिमुद्रित करण्याची जगातील ही पहिलीच वेळ. त्यानंतर हेच काम पुष्कळांनी केले. अधिक चांगल्या यंत्रांवर केले, अधिक स्वच्छ वाजवून केले. श्नाबेलच्या ध्वनिमुद्रणात खरखर आहे, पियानोचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो, आणि काही ठिकाणी तर सरळसरळ चुकीचे स्वर लागले आहेत. तरीही नव्वद वर्षे झाली, हे वादन मागे पडलेले नाही. बीथोव्हनच्या सोनाट्यांबद्दल बोलणारा माणूस आजही श्नाबेलपाशी थांबल्याखेरीज पुढे जात नाही. असे का, एवढाच प्रश्न मी या लेखात घेतला आहे.

प्रथम माझा अधिकार किती ते सांगितले पाहिजे. मी पियानो शिकलेली नाही. पियानो हे वाद्य समोर बसून कोणी वाजविताना मी अजून पाहिलेलेही नाही. महाविद्यालयापर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिलीच. आणि घरातले संगीत म्हणजे हरिपाठ, शेजारच्या देवळातले भजन व आकाशवाणी. पेटीच्या पट्ट्या मात्र मला ठाऊक आहेत, कारण भजनी मंडळाची पेटी आमच्याच ओसरीवर असे. तेव्हा पुढील विवेचन ऐकणारीचे आहे, वाजविणारीचे नाही. जाणकारांनी त्या बेताने वाचावे.

सोनाटा म्हणजे काय, हे आपल्या संगीताच्या भाषेत सांगता येईल का, याचा मी पुष्कळ विचार केला. व्याख्या सोपी आहे. वाद्यासाठी अथपासून इतिपर्यंत लिहून ठेवलेली, बहुधा तीन किंवा चार भागांची रचना म्हणजे सोनाटा. भाग लयीने वेगळे असतात. सामान्यतः पहिला द्रुत, मधला विलंबित, शेवटचा पुन्हा द्रुत. पण खरी गंमत आहे ती पहिल्या भागाच्या पोटात. आपल्याकडे तंबोरा एकदा जुळला की षड्ज हलत नाही. मैफल तीन तास चालो, गवई तिन्ही सप्तकांत कोठेही जावो, पायाखालची जमीन तीच असते. सोनाट्यात ती जमीनच हलते. समजा, रचना पांढरी एकच्या षड्जात सुरू झाली. पहिला विषय त्या षड्जात मांडून होतो. मग रचनाकार हळूहळू असे स्वर पेरू लागतो की आपल्या नकळत पंचम हाच षड्ज वाटू लागतो, आणि त्या नव्या षड्जावर दुसरा विषय येतो. यानंतरच्या मधल्या टप्प्यात षड्ज कोठेच ठरत नाही. दोन्ही विषयांचे तुकडे एका पट्टीतून दुसरीत भिरभिरत असतात. अखेर मूळ षड्ज परत येतो. पहिला विषय पुन्हा जसाच्या तसा ऐकू येतो, आणि आता दुसरा विषयसुद्धा परक्या षड्जावर न जाता मूळ षड्जावरच येतो. मूर्च्छनाभेद ज्यांनी अभ्यासिला आहे त्यांना ही कल्पना अगदीच नवखी वाटणार नाही. परंतु आपल्याकडे जो क्षणभराचा चमत्कार म्हणून दाखवितात, त्यावर येथे सगळी इमारत उभी केलेली असते. (बीथोव्हन हा नियम पाळतो तसा मोडतोही. १८०४ मध्ये पूर्ण केलेल्या ‘वाल्डश्टाइन’ सोनाट्यात तो पंचमाऐवजी शुद्ध गंधारालाच षड्ज करून दुसरा विषय मांडतो. पेटीवर सा आणि ग धरून पाहा. केवढी उडी आहे ते कळेल.)

यातून एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. परत आल्याचा आनंद ज्याला निघाल्याची आठवण आहे त्यालाच होतो. आठ-दहा मिनिटांपूर्वी आपण कोणत्या षड्जावरून निघालो होतो, हे ऐकणाऱ्याच्या कानात कोठेतरी शिल्लक राहिले पाहिजे. राहिले नाही तर सोनाटा म्हणजे नुसती स्वरांची वर्दळ. तो धागा वादकाने स्वतःच्या मनात अखंड धरलेला असेल तरच ऐकणाऱ्याच्या मनात टिकतो.

आता सोनाट्यांविषयी थोडे. बीथोव्हन १७७० मध्ये बॉन येथे जन्मला आणि १८२७ मध्ये व्हिएन्नात वारला. बत्तीस सोनाट्यांपैकी पहिले तीन १७९५ पर्यंत तयार झाले, शेवटचा १८२२ मध्ये. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षांचा हा प्रवास आहे. या प्रवासात त्याची श्रवणशक्ती जात राहिली. १८०२ मध्येच त्याने त्या दुःखाचे पत्र भावांना उद्देशून लिहून ठेवले होते. ‘मूनलाइट’ हे सर्वांच्या तोंडी असलेले नाव त्याने दिलेले नाही. रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला त्या रचनेत सरोवरावरचे चांदणे दिसले, आणि तेव्हापासून ते तिला चिकटले. या बत्तीस रचनांना हान्स फॉन ब्यूलो या वादकाने संगीताचा नवा करार म्हटले. जुना करार म्हणजे बाखची चोवीस पट्ट्यांतील रचना. धर्मग्रंथाची उपमा दिली की भक्त वाढतात पण वाचक कमी होतात, असा आपल्याकडचाही अनुभव आहे. श्नाबेलच्या आधी हे सर्व सोनाटे ओळीने वाजविणारे फार थोडे होते.

श्नाबेलचा जन्म १८८२ मध्ये, आज पोलंडमध्ये असलेल्या व त्या वेळी ऑस्ट्रियाच्या राज्यात असलेल्या एका लहान गावी, ज्यू कुटुंबात झाला. लहानपणीच तो व्हिएन्नात लेशेटिट्स्की या विख्यात गुरूकडे गेला. लेशेटिट्स्की चेर्नीचा शिष्य, आणि चेर्नी खुद्द बीथोव्हनचा. आपल्याकडे घराण्याचा असा थेट धागा सापडला की माणूस लगेच कान पकडतो, पण येथे जरा जपून असावे असे मला वाटते. लेशेटिट्स्कीच्या शाळेतून निघालेले बहुतेक वादक हात आणि नाद यांच्या तेजासाठी ओळखले गेले. श्नाबेलकडे मात्र गुरूने वेगळ्या दृष्टीने पाहिले. हा पियानोवादक व्हायचा नाही, हा संगीतकार आहे, अशा अर्थाचे बोल त्याने या पोराला ऐकविले आणि त्या काळी कोणी फारसे न वाजविणारे शूबर्टचे सोनाटे त्याच्या पुढ्यात ठेवले. गुरूने काय शिकविले यापेक्षा काय शिकविण्याचे टाळले, याचेच हे उदाहरण अधिक वाटते. पुढे श्नाबेलने स्वतःसाठी एक कसोटी ठरविली. कितीही चांगले वाजविले तरी जी रचना वादनाला पुरून उरते तीच वाजवायची. त्यामुळे त्याचा संग्रह लहान राहिला. बीथोव्हन, शूबर्ट, मोझार्ट, थोडे ब्राम्स व शूमान. श्रोत्यांनी उठून टाळ्या वाजवाव्यात म्हणून अखेरीस एखादी फुलबाजी उडविण्याची पद्धत त्याने सोडूनच दिली होती. १९२७ मध्ये, बीथोव्हनच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली त्या साली, त्याने बर्लिनमध्ये बत्तीसही सोनाटे सात कार्यक्रमांत वाजविले. तोवर या सोनाट्यांची बोटांच्या खुणा, लय व टिपांसह स्वतः संपादिलेली आवृत्तीही त्याने काढली होती. म्हणजे ध्वनिमुद्रणाला बसला तेव्हा त्याचे वय पन्नासच्या घरात होते आणि ग्रंथ त्याला तोंडपाठ होता.

इतके असूनही ध्वनिमुद्रणाला त्याने वर्षानुवर्षे नकार दिला होता. वादन हे एकदा होऊन जाणारे असते, ते गोठवून ठेवणे त्याला पटत नसे. त्याने आपल्या आठवणींत आणखी एक कारण सांगितले आहे, आणि ते वाचून मी चमकले. तबकडी ऐकणाऱ्यांवर आपला काहीच ताबा राहणार नाही, हे त्याला खुपत होते. ते कसे कपडे घालून बसले असतील, ऐकता ऐकता आणखी काय करीत असतील, कितपत लक्ष देत असतील, काहीच कळावयाचे नाही. प्रथमदर्शनी हा अहंकार वाटतो. पण सोनाट्याविषयी वर जे म्हटले ते लक्षात घेतले, तर त्याची भीती निराधार नव्हती. मधूनच उठून जाणाऱ्या श्रोत्याच्या कानात मूळ षड्ज टिकत नाही.

त्याचे मन वळविले ते कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग या गृहस्थांनी. हे नाव आपल्याला परके नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला येऊन गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेणारे ते हेच. गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगणारा गौहर जान यांचा आवाज त्या तबकड्यांवर आजही ऐकू येतो. तीस वर्षांनंतर त्याच गायस्बर्गनी श्नाबेलशी करार केला तो सगळ्या सोनाट्यांचा आणि पाच कॉन्चेर्टोंचा. निवडक आवडत्या तुकड्यांचा नव्हे. कंपनीने यासाठी ‘बीथोव्हन सोनाटा सोसायटी’ या नावाने वर्गणीदार नोंदविले व तबकड्यांचे संच एकामागून एक त्यांना पुरविले. १९२९ नंतरच्या मंदीत एवढा खर्च अंगावर घेण्याचा हाच मार्ग होता. आपल्याकडे मोठे ग्रंथसंच प्रकाशनपूर्व नोंदणीवर निघतात तसाच हा प्रकार. वर्गणी भरणारे अर्थातच सुखवस्तू लोक होते.

आता यंत्राची बाजू पाहू, कारण ती समजल्याशिवाय त्या चुकांचा न्याय करता येत नाही. त्या काळी ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. मायक्रोफोनमधून आलेल्या विजेच्या कंपनांनी सुई हलायची आणि फिरत्या मेणात खाचर कोरले जायचे. त्या मेणावरून धातूचे साचे, आणि साच्यांवरून विक्रीच्या तबकड्या. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत. मेणात कोरलेले खोडता येत नसे, कापून जोडता येत नसे. चौथ्या मिनिटाला एक बोट घसरले तर ती सगळी बाजू पहिल्यापासून वाजवायची. मेण तेथल्या तेथे वाजवून पाहावे तर सुईने खाचर बिघडे आणि ते साच्याच्या कामाचे राहात नसे. चांगले झाले की नाही, हे वादकाने त्या क्षणी आठवणीवरच ठरवायचे. चुंबकीय फितीवर तुकडे जोडण्याची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र झाली, आणि जास्त वेळ वाजणारी तबकडी १९४८ मध्ये आली.

जाता जाता एक गोष्ट. या तबकड्या ज्या शेलॅकपासून बनत तो शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर किडे ती तयार करतात. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा हिस्सा हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या रानांतून जात असे. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे. आपल्याला ऐकू येणारी खरखर पुष्कळशी त्या पुडीची आहे.

चार मिनिटांची मर्यादा आपल्या गवयांनाही होती, किंबहुना दहा इंची तबकडीवर ती तीन मिनिटांचीच होती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना माहीत आहे की तीन मिनिटांतही राग पुरता उभा राहतो. पण खाँसाहेबांना एक स्वातंत्र्य होते, ते श्नाबेलला नव्हते. ख्याल किंवा ठुमरी गाताना घडत असते. किती आलाप घ्यायचा, कोठे तान टाकायची, हे गवई वेळ पाहून ठरवितो. अत्तर काढावे तसा तो अर्क काढू शकतो. सोनाटा लिहिलेला आहे. त्यातले एक मात्रासुद्धा गाळायचे नाही, हीच तर करारामागील भूमिका. मग उपाय एकच. चार मिनिटे वाजवायचे, थांबायचे, नवे मेण लागेपर्यंत बसून राहायचे, आणि मघाच्याच लयीत, मघाच्याच वजनाने, जणू थांबलोच नव्हतो असे पुढे निघायचे. ज्या कलेचा सगळा डोलारा न तुटलेल्या धाग्यावर, ती दर चार मिनिटांनी तोडून वाजवायची! श्नाबेलला या कामाचा अतोनात मनस्ताप झाला, यात नवल काय? आज मिळणाऱ्या प्रतींत या बाजू जोडून दिलेल्या असतात. कान देऊन ऐकले तर सांध्यापाशी खरखरीचा पोत बदललेला कळतो. संगीतात मात्र तेथे सांधा जाणवत नाही. मी तरी पुष्कळ शोधूनही तो थोड्याच ठिकाणी पकडू शकले.

चुकांचे प्रकरण सर्वांत जास्त गाजले ते ‘हामरक्लाविअर’ या सोनाट्याच्या बाबतीत. ही रचना १८१७-१८ मधली, बत्तिसांत सर्वांत मोठी. श्नाबेलला तिला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, म्हणजे तबकड्यांच्या दहाएक बाजू. बत्तीस सोनाट्यांपैकी या एकाच सोनाट्यात बीथोव्हनने लय आकड्याने लिहिली आहे. पहिल्या भागासाठी त्याने मिनिटाला १३८ ठोके सांगितले आहेत. हा आकडा इतका अवघड आहे की त्याचे लयमापक यंत्र बिघडले असावे, असे म्हणण्यापर्यंत लोक गेले. बहुतेक वादक लय खाली आणतात, आणि मग हा भाग भव्य, भारदस्त, एखाद्या मिरवणुकीसारखा होतो. श्नाबेलने नोव्हेंबर १९३५ मध्ये तो आकडा जवळजवळ खरा करून दाखविला. सुमारे नऊ मिनिटांत तो पहिला भाग संपवितो. या वेगात त्याचे हात कित्येकदा अडखळतात. स्वर शेजारच्या पट्टीवर पडतात, काही गिळले जातात, दोन-तीन जागी तर घोळका होतो.

आमच्या एका प्राध्यापकांशी याविषयी बोलत असता त्यांनी आक्षेप घेतला, की गवई बेसूर झाला तर आपण उठून जातो, मग या साहेबाला सवलत का? आक्षेप चांगला आहे, पण उपमा जुळत नाही. पियानो ठीक लावलेला असेल तर वादक बेसूर होऊच शकत नाही. तो फार तर चुकीच्या पट्टीवर बोट ठेवील. बेसूर होणे हा कानाचा दोष आहे, पट्टी चुकणे हा हाताचा. भरधाव तानेत गवयाचा एखादा स्वर निसटला, तर आपण उठून जात नाही; तान कोठे निघाली आहे ते कळत असेल तर उलट पुढे सरकून बसतो. श्नाबेलच्या या नऊ मिनिटांत रचना कोठे निघाली आहे हे एक क्षणही दृष्टीआड होत नाही. लय उतरविली असती तर स्वर सगळे नीट लागले असते, पण मग बीथोव्हनने १३८ चा आकडा का लिहिला हे आपल्याला कधीच कळले नसते. हा भाग म्हणजे मिरवणूक नसून झुंज आहे, हे मला श्नाबेलमुळे कळले. विल्हेल्म केम्फ याने १९६४-६५ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण मी लगेच नंतर ऐकले. ते स्वच्छ, समंजस आणि सुंदर आहे, पण त्यात हरण्याचा धोका कोठे नाही.

अर्थात सगळेच समर्थन करण्याजोगे आहे असे नाही. त्याच सोनाट्याच्या शेवटच्या भागात तीन आवाजांचे फ्यूग आहे. एकच विषय तीन वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक शिरतो आणि ते तिन्ही एकदम चालू राहतात. येथे श्नाबेलच्या घाईने आणि त्या काळच्या यंत्राच्या धुरकट आवाजाने तीन आवाजांचा गुंता होतो. नवख्या माणसाला त्यातून काही हाती लागणार नाही. मला लागले नाही. केम्फचे वादन चार वेळा ऐकून विषय पाठ केला, तेव्हा कोठे श्नाबेलमधला तो ओळखू येऊ लागला. येथे जुन्यापेक्षा नव्याला झुकते माप दिलेच पाहिजे.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. हंगेरीच्या ॲनी फिशर या थोर वादिकेने १९७७-७८ मध्ये हे सगळे सोनाटे फितीवर मुद्रित केले. तिच्याजवळ कापण्या-जोडण्याची सारी सोय होती. ती पुनःपुन्हा तुकडे वाजवून दुरुस्त्या करीत राहिली. समाधान झाले नाही म्हणून जिवंतपणी तिने ते प्रसिद्ध होऊ दिले नाही. १९९५ मध्ये ती वारली, त्यानंतरच ते लोकांपुढे आले. दुरुस्तीची सोय असली म्हणजे काम लवकर पुरे होते असे नाही, एवढे यावरून दिसते.

‘हामरक्लाविअर’चा तिसरा भाग मात्र असा आहे की त्याच्यासाठी मी बाकी सगळे सोडायला तयार आहे. हा विलंबित भाग सुमारे अठरा मिनिटांचा आहे. रचना लंडनला छापावयास पाठवून झाल्यावर बीथोव्हनने आपला शिष्य रीस याला कळविले, की या भागाच्या आरंभी आणखी दोन स्वर घाल. नुसते दोन, एकापेक्षा एक चढते. आधीच्या भागाच्या गजबजाटातून या भागाच्या शांततेत उतरावयाच्या त्या दोन पायऱ्या आहेत. श्नाबेल त्या दोन स्वरांना किती वेळ देतो हे ऐकण्यासारखे आहे. पियानोचा स्वर पेटीसारखा भात्यावर टिकत नाही. हातोडी तारेवर पडली की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विझू लागतो. मींड नाही, गमक नाही, श्रुतींची तर बातच नको. अशा वाद्यावर एवढ्या संथ लयीत गायचे म्हणजे विझत जाणाऱ्या स्वराच्या नेमक्या उरलेल्या बळावर पुढचा स्वर ठेवायचा. जोरात ठेवला तर ठोका ऐकू येतो, हळू ठेवला तर धागा तुटतो. अठरा मिनिटे श्नाबेल हे करतो, आणि तेही चार चार मिनिटांच्या तुकड्यांत. येथे चुकीचा स्वर शोधण्याचे मला तरी भान राहिले नाही.

या चार वर्षांत त्याच्या आयुष्यात काय घडत होते, हेही ध्यानात घ्यावे. १९३२-३३ च्या हंगामात त्याने बर्लिनमध्ये पुन्हा बत्तीस सोनाट्यांची माला सुरू केली. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. तोवर नभोवाणीवरून ऐकविली जाणारी ही माला अखेरच्या कार्यक्रमांच्या वेळी प्रक्षेपित झाली नाही. त्याच वर्षी श्नाबेलने जर्मनी सोडली ती कायमची. पुढे युद्ध संपल्यावरही तो तेथे वाजवावयास गेला नाही. ज्या शहरात तीसएक वर्षे घर होते ते गेले. इटलीत, मग १९३९ पासून अमेरिकेत त्याने दिवस काढले. त्याची आई व्हिएन्नातच राहिली होती. १९४२ मध्ये वृद्धपणी तिला टेरेझिनच्या छावणीत नेण्यात आले आणि तेथेच ती मरण पावली. या गोष्टी वाचल्यावर १९३५ च्या त्या विलंबित भागात निर्वासिताचे दुःख ऐकू येते असे लिहिण्याचा मोह होतो. काहींनी तसे लिहिलेही असेल. मला ते बरोबर वाटत नाही. आईची गोष्ट तर सात वर्षांनंतरची आहे. आणि त्या भागात काय आहे ते शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बीथोव्हनने लिहून ठेवले होते. एवढे मात्र खरे, की ज्याचा स्वतःचा षड्ज हलला होता तो माणूस लंडनला येऊन, यंत्रापुढे बसून, दर चार मिनिटांनी थांबून, मूळ षड्जावर परत येण्याचे हे काम पुरे करीत होता. त्याने ते अर्धवट टाकले नाही.

श्नाबेलला ज्या अज्ञात श्रोत्यांची भीती वाटत होती त्यांपैकी मी एक आहे. वसतिगृहातल्या खोलीत, तीन मुलींच्या गप्पा चालू असता, मोबाईलवर कानात बोंडे घालून मी हे सोनाटे ऐकले. कधी कपडे वाळत घालताना, तर एकदा एस.टी.त. त्याच्या वर्गणीदारांत आमच्यापैकी कोणी असणे शक्य नव्हते. त्याला हे आवडले नसते हे मला ठाऊक आहे. पण एस.टी.त ऐकलेले मला काहीच आठवत नाही आणि रात्री दिवा मालवून ऐकलेले पट्टीसह आठवते, म्हणजे त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

ज्यांना हे ऐकावेसे वाटेल त्यांनी ‘मूनलाइट’ने किंवा ‘हामरक्लाविअर’ने सुरुवात करू नये. पहिल्याने कान शिळे झालेले असतात, दुसऱ्याने ते भांबावतात. १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहाव्या क्रमांकाच्या संचातील तिसरा सोनाटा घ्यावा. त्याचा षड्ज पांढरी दोन. दुसरा भाग अत्यंत विलंबित आहे, आणि तेथे षड्ज तोच राहून गंधार कोमल होतो. श्नाबेल तो जवळजवळ थांबल्यासारखा वाजवितो. दोन स्वरांमधील जागेत खरखर ऐकू येईल, तिच्याकडे लक्ष देऊ नये. हा भाग संपला की लगेच बंद करू नका. पुढचा भाग एका साध्या नाचाचा आहे, त्याच्या निदान पहिल्या दोन ओळी ऐका. तेथे गंधार पुन्हा शुद्ध होतो.